रेडमधल्या डिस्कची अवस्था कशी ओळखावी आणि मग काय करावं

सर्व्हर बीप द्यायला लागला आणि एका ट्रेवरचा दिवा केशरी झाला, की हात थेट त्या ट्रेकडे जातो. तो आवरा. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेली साठवण; त्या संचाला अ‍ॅरे म्हणतात आणि तो सांभाळणारं कार्ड म्हणजे कंट्रोलर. आधी रेड कंट्रोलरच्या मेनूत अ‍ॅरेची अवस्था पाहा, डिस्कची त्यानंतर. ‘ऑप्टिमल’ असेल तर घाई नाही. ‘डिग्रेडेड’ म्हणजे डेटा शाबूत आहे, पण रेड ५ असेल तर आता आणखी एकही डिस्क जाऊन चालणार नाही. रेड ६ मध्ये एकच डिस्क गेली असेल तर आणखी एकीची सवड उरते. ‘ऑफलाइन’ दिसलं तर काहीच बदलू नका, बॅकअप कुठे आहे ते बघा.

आता डिस्क. खाली मेगारेड जातीच्या कंट्रोलरवर दिसणारी नावं घेतली आहेत. ‘ऑनलाइन’ आणि ‘हॉट स्पेअर’ (तयार ठेवलेली राखीव डिस्क) यांची काळजी नको. ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ म्हणजे डिस्क चालू आहे, पण स्मार्टने (डिस्कची स्वतःवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) धोक्याचा इशारा दिला आहे. ती उपसून काढू नका. कंट्रोलरमध्ये ‘रिप्लेस’ची सोय असेल तर आधी तिच्यावरचा डेटा नव्या डिस्कवर उतरवून घ्या, म्हणजे अ‍ॅरे एक क्षणही उघडा पडत नाही.

‘फेल्ड’ दिसलं म्हणून डिस्क मेलीच असं नाही. डेस्कटॉपसाठीची डिस्क खराब सेक्टर (डेटा साठवणारा छोटा तुकडा) वाचायला बराच वेळ झगडते. कंट्रोलर तेवढा थांबत नाही आणि तिला बाहेर काढतो. स्मार्टमध्ये ५ आणि १९७ क्रमांकांचे आकडे (बदललेले आणि संशयास्पद सेक्टर) वाढत असतील तर दोष डिस्कचाच. फक्त १९९ (डेटा वाहून नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क जिला जोडल्या जातात ती पाटी) तपासा. दोन डिस्क एकाच मिनिटाला गेल्या तरी संशय आधी केबल, बॅकप्लेन आणि वीजपुरवठ्यावरच घ्या.

‘फॉरेन’मध्ये सर्वाधिक नुकसान होतं. त्या डिस्कवर रेडची जुनी मांडणी सापडली, इतकाच त्याचा अर्थ. ‘क्लिअर’ दाबलं की ती मांडणी पुसली जाते. डिस्क कुठून आली हे पक्कं कळेपर्यंत ते बटण दाबू नका. आधी बाहेर पडलेली डिस्क जबरदस्तीने ‘ऑनलाइन’ करणंही तितकंच घातक, कारण तिच्यावरचा डेटा शिळा असतो.

बदलायची वेळ आली की ‘लोकेट’ने ट्रेचा दिवा लुकलुकवा. बऱ्याच सर्व्हरमध्ये स्लॉट शून्यापासून मोजतात, म्हणजे स्लॉट ३ हा चौथा ट्रे. चांगली डिस्क उपसली जाते ती इथेच. सीरियल नंबर जुळवा. ट्रे थोडा ओढून डिस्क फिरायची थांबेपर्यंत अर्धा मिनिट धरा, मग बाहेर काढा. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी.

‘रिबिल्ड’ (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा रचणं) सुरू झालं की सर्व्हर बंद करू नका. सेकंदाला १५० एमबीचा वेग गृहीत धरला तरी ४ टीबीला साडेसात तास लागतात; कामाचा भार असेल तर त्याहून बरेच जास्त. या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात, आणि लपलेले खराब सेक्टर तेव्हाच वर येतात. म्हणून ताजा बॅकअप रिबिल्डच्या आधी.

काढलेल्या डिस्कवर लगेच मार्करने ‘खराब’, तारीख आणि स्लॉट लिहा.