बिननावाच्या रस्त्यांवरचे पत्ते भरण्याआधी

आधी वस्ती. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या मुक्त नकाशावर, घरांचे क्रमांक भरायला बसण्यापूर्वी ती वस्ती, वाडी किंवा मोहल्ला नकाशावर आहे का ते बघा: ‘प्लेस’ टॅग (नकाशावरच्या वस्तूला जोडलेली माहितीची चिठ्ठी) असलेला बिंदू किंवा सीमा, आणि त्यावर नाव. गेल्या वेळी मी हेच विसरलो. ज्या वस्तीच्या नावाने सगळे क्रमांक चढवले, ती नकाशावरच नव्हती. नसेल तर आधी ती टाका, मगच पहिलं घर.

रस्त्याला नाव नसेल तर पत्ता ‘ॲडर:प्लेस’ (पत्त्यातली वस्ती) या टॅगवर जातो, ‘ॲडर:स्ट्रीट’वर (पत्त्यातला रस्ता) नाही. वस्तीचं नाव ‘स्ट्रीट’मध्ये कोंबू नका, त्या नावाचा रस्ता तिथे नाहीच. एकाच घरावर दोन्हीही लावू नका. आणि ‘ॲडर:प्लेस’मधलं नाव वस्तीच्या बिंदूवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. ‘नवी वस्ती’ आणि ‘नवीवस्ती’ ही संगणकाच्या लेखी दोन नावं आहेत. हाताने टाइप करूच नका, बिंदूवरून कॉपी करा.

रस्त्याला स्वतःच्या मनाने नाव देऊ नका. ‘देवळामागचा रस्ता’ हे वर्णन झालं. ‘नोनेम=येस’ (या रस्त्याला नावच नाही) लावायचं ते प्रत्यक्ष जाऊन, विचारून खात्री झाल्यावरच. नुसतं रिकामं नाव म्हणजे अजून कोणी पाहिलेलं नाही, एवढाच अर्थ होतो.

अशा ठिकाणी क्रमांक रस्त्याच्या ओळीने लागत नाहीत. कित्येक गावांत घरं बांधली गेली त्या क्रमाने आकडे पडले, त्यामुळे 12 च्या शेजारी 87 असतो. म्हणून ‘इंटरपोलेशन’ची रेघ ओढून मधले आकडे अंदाजाने भरायचे नाहीत. दारावरचा आकडा वाचा, फोटो घ्या. आकडा नसून घराला नाव असेल तर ‘ॲडर:हाऊसनेम’. जपानसारखी गटांवर चालणारी पद्धत असेल तर ‘ॲडर:ब्लॉक_नंबर’ लागतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवरचं त्या देशाचं पान आधी वाचा, आपली पद्धत तिथे लादू नका.

दुसऱ्या कंपन्यांच्या नकाशांवरून काहीही उतरवायचं नाही, परवाना त्याला मुभा देत नाही.

मग जोसममध्ये (नकाशा संपादनाचं सॉफ्टवेअर) व्हॅलिडेटर, म्हणजे चुका शोधणारी तपासणी, चालवा. वस्तीचा बिंदू आहे ना? नाव जुळतंय ना? पुन्हा बघा. बदल थोडे थोडे चढवा, स्रोत लिहा.