माझा अनुभव : ‘सहज’ विवरणपत्र चालेल की नाही, हे असे ठरले

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या वडिलांना निवृत्तिवेतन व मुदत ठेवींचे व्याज मिळते. 2024-25 मध्ये त्यांनी एक इक्विटी म्युच्युअल फंड पूर्ण काढून घेतल्यामुळे आयकर विवरणपत्राचा सोपा नमुना आयटीआर-1, म्हणजे ‘सहज’, चालेल की अधिक तपशिलाचा आयटीआर-2 लागेल, हे कळेना. पेन्शनरांना सहजच, असे शेजारी सांगत. आयकर पोर्टलवरील प्रश्नावली तर आपण देऊ त्या उत्तरांपलीकडे जात नाही. या संभ्रमाचा फार मनस्ताप झाला.

शेवटी उपयोगी पडलेला क्रम असा. प्रथम वडील निवासी आहेत, एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत आहे, घर एकच आहे आणि जुन्नरच्या शेतीचे उत्पन्न 5,000 रुपयांहून अधिक नाही, हे पाहिले. मग कंपनीचे संचालकपद, असूचीबद्ध (शेअर बाजारात नोंद नसलेले) शेअर किंवा परदेशी मालमत्ता नाही, याची खात्री केली. त्यानंतर फंडाचे भांडवली नफ्याचे विवरण उतरवून घेतले आणि खरा पेच तिथेच सापडला. करनिर्धारण वर्ष 2025-26 पासून (म्हणजे 2024-25 च्या उत्पन्नापासून) आयकर कायद्याच्या कलम 112ए खालचा, म्हणजे सूचीबद्ध शेअर व इक्विटी फंडांवरचा, 1.25 लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा सहजमध्ये दाखवता येतो, मात्र पुढे ओढायचा भांडवली तोटा नसावा. वडिलांचा दीर्घकालीन नफा मर्यादेत होता. परंतु फंडात नियमित भरलेल्या प्रत्येक एसआयपी हप्त्याची मुदत स्वतंत्र मोजली जाते, आणि शेवटच्या हप्त्यांना विक्रीच्या दिवशी 12 महिने झालेले नव्हते. त्या युनिटांवरचा नफा किरकोळ असला तरी अल्पकालीन ठरला, आणि अल्पकालीन नफ्यासाठी सहजमध्ये रकानाच नाही. म्हणून आयटीआर-2 भरले.