चित्रकथा करायचीय? आधी डमी दाखवा

बालपुस्तकांच्या कामात येऊ पाहणारी मंडळी मला बहुधा सुटी चित्रं दाखवतात. छान असतात, भिंतीवर लावावीत अशी. मी विचारते, डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना, कुठाय?

एफोरचे आठ कागद एकात एक घालून दुमडा, घडीवर दोन पिना मारा. झाली ३२ पानांची डमी. छपाईचा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं, साधारण सोळा पानांचा धरतात, अर्धा आठचा; म्हणून चित्रकथा बहुतेकदा १६, २४ किंवा ३२ पानांतच बसवावी लागते. त्यातली दोन-तीन पानं शीर्षक आणि श्रेयनामावलीत जातात. उरलेल्या पानांवर पेन्सिलीने नुसत्या रेघोट्या मारा आणि पानं उलटून बघा. ‘दार वाजलं’ उजव्या पानावर आलं, तर कोण आलंय ते पान उलटल्यावर कळतं. दोन्ही समोरासमोर आलं की गंमत गेली. पोरं आधी चित्रच बघतात.

मग मजकुराला कात्री. ‘लाल फ्रॉक घातलेली मिनी रागाने पाय आपटत जिना उतरली’ असं माझ्या कच्च्या खर्ड्यात होतं. फ्रॉक चित्रात, जिना चित्रात, रागही भुवयांत. पुस्तकात राहिलं एवढंच: ‘मिनी निघाली.’ लेखक आणि चित्रकार एकच असला की ही काटछाट भांडणाशिवाय होते! लिहिणं आणि चित्रं दोन्ही स्वतः करणाऱ्या माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं या नजरेने पुन्हा चाळा. शब्द कुठे थांबतात आणि चित्र कुठून बोलायला लागतं, ते पाहा.

मधल्या घडीत कुणाचा चेहरा अडकू देऊ नका. मजकूर चित्रात रंगवून टाकू नका. तो वेगळ्या थरावर, निव्वळ काळ्यात ठेवा. उद्या हिंदी किंवा कन्नड आवृत्ती निघाली तर फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलते, प्रकाशक दुवा देतो.

मुंबईचं जे.जे. किंवा पुण्याचं अभिनव अशा कला महाविद्यालयाची पदवी असेल तर हात तयार असतो, पण नसेल तरी अडत नाही. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, तुलिका, प्रथम बुक्स यांची पुस्तकं आधी वाचा. प्रत्येकाचा बाज निराळा. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून खुल्या परवान्याची पुस्तकं आहेत. तिथे वाचक अफाट मिळतात. मात्र तुमच्या पुस्तकाचं भाषांतर कुणीही करू शकतं, ते विकूही शकतं. हे पटत असेल तरच सही करा.

पैशाचं म्हणाल, तर नुसत्या रॉयल्टीवर घर चालेल या भरवशावर नोकरी सोडू नका. पाठ्यपुस्तकांची चित्रं, मासिकं, शाळांतल्या कार्यशाळा यांची जोड लागतेच. करार मात्र लेखीच हवा. कॉपीराइटचे हक्क किती काळासाठी दिले हे त्यात लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. आणि पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, उलट काही ठरलं नसेल तर, सांगणाऱ्याकडेच जाऊ शकतो. म्हणून मूळ चित्रं, पुढच्या आवृत्त्या, भाषांतरं, ॲनिमेशन या प्रत्येकाची वेगळी ओळ मागून घ्या. ‘आपलं घरचंच आहे’ म्हणणाऱ्या प्रकाशकाकडून तर नक्कीच.