ब्राँझच्या पुतळ्याची वार्षिक धुलाई आणि मेण

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 'मॉल' या रस्त्याच्या दक्षिण टोकाजवळ फिट्झ-ग्रीन हॅलेक (१७९०–१८६७) या अमेरिकन कवीचा ब्राँझचा पुतळा आहे. शिल्पकार जेम्स विल्सन अलेक्झांडर मॅकडोनाल्ड. अनावरण १८७७ मध्ये, अध्यक्ष रदरफोर्ड हेज यांच्या हस्ते. हॅलेकच्या कविता आज फार थोडे लोक वाचतात, म्हणून तर हा पुतळा नीट सांभाळायला हवा. अशा पुतळ्यांना हात लावायला संबंधित यंत्रणेची परवानगी लागते आणि काम अनुभवी संवर्धकाच्या देखरेखीखालीच करायचं.

हॅलेक खुर्चीत बसलेला आहे. बसलेल्या पुतळ्याला उभ्यापेक्षा जास्त त्रास होतो, कारण मांडीत आणि कोटाच्या चुण्यांमध्ये पाणी, पानं, पक्ष्यांची विष्ठा साचते. विष्ठेतलं आम्ल आधी पुतळ्यावर लावलेलं मेण खातं, मग त्याखालचा ब्राँझचा गडद रंग खातं. पावसातल्या गंधकाच्या संयुगांमुळे तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात आणि पाणी जिथून ओघळतं तिथे हिरव्या-काळ्या पट्ट्या उमटतात. मेण हे सगळं आधी स्वतःवर घेतं. ते झिजणारच, म्हणून दरवर्षी लावायचं.

दिवस कोरडा निवडा, मे ते सप्टेंबरच्या दरम्यानचा. आधी कोरड्या, मऊ ब्रशने कचरा झाडा. पुतळ्याला पाणी निघून जाण्यासाठी भोकं असतील तर ती मोकळी करा; ती तुंबली की आत पाणी राहतं आणि थंडीत गोठून धातू तडकवतं. मग १० लिटर पाण्यात साधारण दोन चहाचे चमचे सौम्य, नॉन-आयॉनिक (पाण्यात विद्युतभारित कण न सोडणारं) डिटर्जंट घालून नैसर्गिक केसांच्या ब्रशने धुवा. खालून वर जा, म्हणजे मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर वाळणार नाहीत. शेवटी वरून खाली भरपूर पाण्याने खळखळून काढा. प्रेशर वॉशर, तारेचा ब्रश, ब्लीच, अमोनिया आणि पितळ चकचकीत करायचं पॉलिश यांपैकी काहीही वापरू नका. ब्राँझवरचा गडद रंग म्हणजे मळ नव्हे. एकदा घासून काढला तर पुन्हा रंग चढवण्याचं महागडं काम मागे लागतं.

खरी चूक होते ती वाळवताना. सुती कापडाने पुसलं तरी चुण्यांच्या तळाशी आणि खुर्चीच्या पायांच्या सांध्यांत ओल राहते. त्यावर मेण लावलं की पांढुरके डाग पडतात आणि ते मेण काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. ब्लोअरने हवा मारा आणि सूर्याने धातू कोमट होऊ द्या.

मायक्रोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांचं) पेस्ट मेण आखूड केसांच्या ब्रशने, थोडं-थोडं, गोल फिरवत लावा. एका वेळी हातभर जागा घ्या. खरवडून निघेल इतका थर दिसला तर ते जास्त झालं. जाड मेणात धूळ चिकटते आणि अक्षरांच्या, बोटांच्या खाचा भरून जातात. पेस्टमधलं द्रावक उडून मेण धूसर झालं की बुटांच्या ब्रशने आणि मग मऊ कापडाने घासा.

मेण पूर्ण गेलं असेल तेव्हा गरम मेणाची पद्धत वापरतात: गॅस टॉर्चने धातू तापवून त्यावर मेण वितळवतात. ज्योत एका जागी थांबली तर रंग जळतो, म्हणून हे काम फक्त प्रशिक्षितांनीच करावं. चबुतरा आधी झाका. ग्रॅनाइटमध्ये मेण मुरलं की काढणं अवघड.

फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड एखाद्या खळग्यात दिसली आणि पुसल्यावर पुन्हा उगवली, तर तिथे क्लोराइडचा गंज असू शकतो. त्यावर मेण लावू नका, तो थराखाली चालूच राहतो. फोटो काढा, जागा नोंदवा, संवर्धकाला कळवा.

शेवटी पाण्याचे थेंब टाकून पाहा. ते गोळी होऊन घरंगळले तर मेण नीट बसलं. पसरले तर तेवढ्याच जागी दुसरा हात द्या. पुढच्या वसंतात हीच चाचणी आधी मांडीवर, खांद्यांवर आणि डोक्यावर करा, कारण मेण तिथे सगळ्यात आधी जातं.