गाजराला दोन पाय फुटतात? आधी माती बघा
घरचं गाजर उपटलं की दोन-तीन फाटे निघतात, मुळा वाकडा येतो, आणि आपण बियाण्याला दोष देतो, पण बहुतेकदा गडबड मातीत असते. खाली खडा किंवा कडक थर लागला की मूळ फाटतं, म्हणून एक फूट खोल माती भुसभुशीत करा, खडे वेचा, आणि कच्चं शेणखत अजिबात नको, पूर्ण कुजलेलंच घाला. गाजराचं रोप करून लावू नका, बी थेट पेरा आणि नंतर विरळणी करा, म्हणजे दर ५ सेंटीमीटरवर एक रोप ठेवून मधली उपटून टाका, जीवावर येतं पण कराच.

मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर सूत्रकृमी समजा, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे, मुळांत शिरणारे बारीक कृमी. अशा वाफ्यात एक हंगाम दाट झेंडू लावा, मातीत निंबोळी पेंड मिसळा. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून पारदर्शक प्लास्टिकने ४ ते ६ आठवडे घट्ट झाकून ठेवला तर उन्हाच्या तापाने वरच्या थरातले बरेच मरतात, मला हाच उपाय सगळ्यात आवडतो.

पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली अळी म्हणजे मुळं खाणारी हुमणी. खणताना वेचून साबणाच्या पाण्यात टाका, आणि वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर तिचे भुंगेरे (याच अळीचे मोठे झालेले किडे) जमतात तेव्हा फांद्या हलवून तेही गोळा करा.

वाकडी गाजरं फेकू नका हं, कोशिंबिरीला मस्त चालतात.