विंडोजशेजारी लिनक्स बसवण्यापूर्वी
विंडोज न काढता लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरून पाहायची असेल, तर ती आधी 8 जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर घेऊन तिथूनच चालवावी, कारण त्यात हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज आणि मराठी टंकलेखन यांची खात्री करून घेता येते. कायमचे बसवायचे ठरल्यास फायलींची प्रत बाहेर काढावी आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. ती हाताशी नसेल, तर स्वतःच्याच फायली कुलूपबंद होऊ शकतात, म्हणून माझा सर्वाधिक आग्रह याच गोष्टीचा आहे. मग फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू करणारी विंडोजची सोय) बंद करून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लिनक्ससाठी जागा मोकळी करावी. पावसाळ्यात ठाण्याजवळच्या कळवा-दिवा भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा डेस्कटॉपवर हे काम यूपीएसशिवाय हाती घेऊ नये.