स्नोबोर्ड निवडताना आधी तळ बघा, रंग नंतर

दुकानात बोर्ड हातात आला की सगळ्यात आधी तो सपाट फरशीवर ठेवा आणि डोळे फरशीच्या पातळीवर आणून बाजूने बघा. मधला भाग उचललेला आणि दोन्ही टोकांजवळ बोर्ड टेकलेला दिसला, तर तो कॅम्बर. तुम्ही उभे राहिलात की ही कमान दबते आणि कडेचा दाब लांबवर पसरतो; म्हणून कडक बर्फावर वेगात वळताना तो घट्ट धरून ठेवतो. मध्ये टेकलेला आणि टोकं वर गेलेली असतील तर रॉकर. त्याची कड चुकून बर्फात कमी अडकते, त्यामुळे नवशिक्यांना मी बिनधास्त रॉकर किंवा दोन्हींचं मिश्रण घ्यायला सांगेन.

पार्कमध्ये (कसरतींसाठी बनवलेल्या बर्फाच्या मैदानात) उड्या मारायच्या, रेलवर (धातूच्या दांड्यांवर) घसरायचं असेल तर दोन्ही टोकं सारखी असलेला, लवचीक ट्विन बोर्ड घ्या, नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड. भुसभुशीत ताज्या बर्फासाठी नाक (पुढचं टोक) रुंद आणि बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला धरून ठेवणारे पट्टे, जरा मागे असलेला बोर्ड हवा, म्हणजे नाक वर तरंगतं.

लांबी हनुवटीला लावून मोजायची पद्धत सोडाच. कंपनीच्या तक्त्यात आपलं वजन शोधा.

आणि स्नोबोर्डचे बूट घालूनच दुकानात जा! बाइंडिंगमध्ये बसवल्यावर बोटं किंवा टाच कडेबाहेर दोन सेंटिमीटरहून जास्त येत असेल, तर वळताना बूट बर्फात घासून तुम्ही आपटाल. पाय मोठा असेल तर सरळ ‘वाइड’ बोर्ड मागा.